धुरपताबाईची जागा

बायनाबाई त्या दिवशी स्टेशनात गेली ती अगदी साध्या कामाला. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, कागदावर सही ठोकायची आणि उन्हं चढायच्या आत घरी यायचं. कालव्याकाठचं पांढरी रोड स्टेशन पाडून नवं बांधायला काढलं होतं. फलाटावर बसून भाजी-माळवं विकणाऱ्या बायकांना नव्या फलाटावर पिवळ्या रंगाचे चौकोन आखून मिळणार होते. जुन्या जागा आठ, म्हणून चौकोनही आठ. त्यातल्या एका जागेवर बावीस वर्षांत कुणी बसलेलं नव्हतं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

आधी स्टेशनाचं सांगतो, म्हणजे ध्यानात येईल. एके काळी हे स्टेशन म्हणजे एक खोली, एक लिंब आणि मागून वाहणारा कालवा. छोट्या रुळावरची कोळशाची गाडी यायची, लिंबाखाली उभी राहून दम खायची. ड्रायव्हर खाली उतरून हिरव्या हरभऱ्याचे ढाळे घ्यायचा आणि दाणे खाऊन होईस्तोवर गाडी हलायची नाही. कुणाला घाई होती तेव्हा! मग परभणी वाढत वाढत पार स्टेशनाच्या अंगावर आली. आता सकाळच्या पॅसेंजरला कॉलेजची पोरं, मास्तर लोक, कोर्टाच्या तारखेला निघालेले, पोखर्णीच्या नरसिंहाला जाणाऱ्या बायका, सगळ्यांची अशी झुंबड असते की उजव्या पायातली चप्पल डाव्या पायाला सापडत नाही. एका खोलीत हे मावणार कसं? पाडणं भागच होतं. पण बायनाबाईची चाळीस वर्षं त्या लिंबाखाली गेली होती, आणि लिंब तोडला त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

ह्या फलाटाचा एक कायदा होता. रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात तो मिळायचा नाही. बाई पाणी प्यायला, बाजूला जायला उठली की चुंबळ जागेवर ठेवून जायची. चुंबळ म्हणजे डोईवर पाटीखाली घेतात ती फडक्याची गोल वळकटी. ती तिथं आहे तोवर जागा तिची. शेजारणीला 'धर' म्हणून सांगून जायचं, आणि त्या शेजारणीशिवाय दुसऱ्या कुणी त्या चुंबळीला हात लावायचा नाही. ह्या आठ जणींत भांडणं काय कमी झाली? झिंज्या धरण्यापर्यंत गेलेल्या. पण दुसरीची चुंबळ कुणी उचलली नाही.

बावीस वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, कालव्याला पाण्याची पाळी सुटली होती. फलाटाच्या मागं पाच पायऱ्या उतरल्या की पाणी. ढाळ्यांच्या मुळांची माती धुवायला धुरपताबाई उठली. बायनाबाईची ती जोडीदारीण, एकाच वर्षी लग्न होऊन आलेली, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाणारी.

"बायना, जागा धर गं. आलेच."

"जा, धरते मी," बायनाबाई म्हणाली. गिऱ्हाईक पुढ्यात होतं, तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

पाटी पुढच्या पुलाच्या जाळीला अडकलेली सापडली. बाई सापडली नाही. चार दिवस लोकांनी कालवा पालथा घातला, वरून पाणी बंद करवलं, गाळात बांबू खुपसले. काही नाही. तेव्हापासून बायनाबाई रोज सकाळी आपल्या शेजारी धुरपताबाईची चुंबळ मांडायची आणि संध्याकाळी उचलून घरी न्यायची. झिजली की दिवाळीला जुन्या लुगड्याची नवी वळायची. लोक आधी हळहळले, मग हसले, मग त्यांना सवय झाली.

आता हे सगळं त्या इंजिनिअरला कुठून ठाऊक? ठेकेदाराचा माणूस, शंतनु नाव, परभणीचाच, बोलायला मऊ. वही घेऊन तो एकेक जागा लिहीत होता.

"आजी, ही शेजारची जागा कुणाची?"

"धुरपताची."

"त्या कुठंत?"

"कालव्यावर गेलीय."

"येतील ना आत्ता? सही लागेल."

"बावीस वर्षं झाली बाबा," बायनाबाई म्हणाली, आणि त्या पोराचा पेन थांबला.

त्यानं समजुतीनं घेतलं. पण चौकोन रिकामा ठेवता येणार नाही म्हणाला, ठेवला तर चहावाल्याला जाईल. शेवटी त्यानंच सुचवलं, तुमच्या सुनेचं नाव घालू का? बायनाबाईनं विचार करायला तीन दिवस मागून घेतले.

ते तीन दिवस तिला झोप नव्हती. सून राजेश्री गुणाची होती. नवरा चाकणला कंपनीत, सहा-सहा महिने फिरकत नाही, तरी कधी तोंड वाकडं केलं नाही. बायनाबाईचे गुडघे पार गेले होते. ह्या आठ जागांतली एक सुनेच्या नावावर झाली तर तिचा जन्म निघणार होता, आणि नाही झाली तर पुन्हा अशी जागा कुठली मिळायला? पण धरते म्हणून शब्द दिला होता. रडत रडत तिनं ठरवलं की जिवंत माणसाचं आधी बघायचं.

चौथ्या दिवशी ती भल्या सकाळी निघाली. पौषाची थंडी, कालव्यावरून धुकं फलाटावर चढलेलं, हातभर अंतरावरचं दिसेना. जुना फलाट निम्मा उखडला होता. आदल्या संध्याकाळी बायनाबाई पहिल्यांदाच चुंबळ घरी न्यायची विसरली होती, ती रात्रभर तिथंच राहिली. गाळाचा वास येत होता, आणि त्यात ओल्या ढाळ्यांचा आंबटसर वास. बायनाबाईला वाटलं, कुणी तरी आधीच येऊन बसलंय. पण सातच्या आत बायकांतली कुणी येत नसे.

खोदायचं मशीन बंद उभं होतं. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. शंतनु त्याच्यावर वैतागला होता. बायनाबाईला बघून तो म्हणाला, "आजी, बरं झालं आलात. हा म्हणतोय, ती बाई उठल्याशिवाय मशीन चालवणार नाही."

"कोणती बाई?"

ड्रायव्हरनं बोट केलं. "ती काय... पाठमोरी बसलीय. मघाधरनं हाका मारायलोय, वळून बघंना."

बोट होतं तिथं फुटक्या फरशीवर नुसती चुंबळ होती. शंतनुला तेवढीच दिसत होती, बायनाबाईलाही. ती गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली. धुक्यानं सगळी फरशी ओली गार होती. चुंबळ मात्र कोरडी होती, आणि ऊन ऊन, आत्ता डोईवरून काढून ठेवावी तशी.

"धुरपा..." ती हळूच म्हणाली. "लय वाट बघितली गं. आता सोडते जागा. सुनेला बसू दे माझ्या."

पाच पायऱ्या उतरून तिनं चुंबळ पाण्यात सोडली आणि ती दिसेनाशी होईस्तोवर तिथंच उभी राहिली. वर मशीन सुरू झालं. दुपारपर्यंत ती जागा राहिली नाही, त्या पायऱ्याही नाहीत. कालव्याच्या अंगाला उंच भिंत आली.

वर्षभरात स्टेशन उभं राहिलं. गुळगुळीत फरशी, वर पत्र्याचं छत, लाल अक्षरं पळणारी पाटी, तीन भाषांत बोलणारी बाई. सरकता जिना बघायला ताडकळसहून माणसं आली, आता बोला! राजेश्रीचा पिवळ्या चौकोनात जम बसला. माल दहाच्या आत संपायचा. बायनाबाई शेजारच्या चौकोनात नावापुरती बसायची, गुडघे दुखले की मागच्या बाकावर. तिला समोर सगळं झकास दिसायचं, आणि आतून मात्र लिंबाची सावली आठवून गलबलायचं.

पुढच्या पौषात एका सकाळी असंच धुकं पडलं. पॅसेंजर आली, दारांना माणसं लटकलेली. बायनाबाई बाकावर होती. बायकांचा डबा बरोबर तिच्यासमोर थांबला. खिडकीत धुरपताबाई बसली होती. तेच हिरवं लुगडं, नाकात तीच मोरणी, वय एका दिवसानं वाढलेलं नाही. बायनाबाईला आधी भीती वाटलीच नाही, खोटं कशाला सांगू. तिला भरून आलं.

"बायना, ये की," धुरपताबाई म्हणाली. "जागा धरलीय तुझी."

तिनं शेजारचं बाकडं हातानं थोपटलं. तेव्हा बायनाबाईच्या अंगावर काटा आला. दोघींनी उभा जन्म स्टेशनात काढला होता, आणि गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या.

"आज न्हाई गं..." बायनाबाई म्हणाली. "सून नवी हाय. थोडं थांब."

"थांबते. मला काय घाई हाय," धुरपताबाई हसली, आणि गाडी हलली.

राजेश्री पाटी आवरून आली. आत्या, कुणाशी बोलत होता म्हणून विचारलं. बायनाबाई गाडी गेली तिकडंच बघत राहिली. मग राजेश्रीच आपल्या नादात बोलली, की काय नवल बघा, माणसं दाराला लोंबकळायली होती अन् त्या खिडकीपाशी दोघींची जागा मोकळी. कुणी बसंना.

त्यानंतर बायनाबाईनं खिडकीकडे बघायचं सोडलं. गाडी आली की ती डोळ्यांवर पदर घ्यायची. राजेश्रीला मात्र ती रिकामी जागा रोज दिसायची, आणि रोज घरी जाताना ती गमतीनं सांगायची. बायनाबाईनं मनाशी हिशेब केला होता. आपलं वय झालंय, गुडघे गेलेत, सून मार्गी लागली. माघात एखाद्या सकाळी जाऊन बसू धुरपाशेजारी. बोलावणं आपल्याला आहे, आपण गेलो की मिटलं. हे ठरवल्यावर तिला शांत झोप लागायला लागली.

संक्रांत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी घरी निघाल्या होत्या. साध्या जिन्यावरून उतरताना राजेश्री म्हणाली, "आत्या, आज तिथं तिघींची जागा मोकळी होती."

बायनाबाई जिन्यातच थांबली. मागची माणसं खोळंबली, कुणी तरी करवादलं.

"उद्यापासून तू येऊ नको स्टेशनात," ती म्हणाली. "मी एकटीच येते. उद्याच येते."

"एकट्या कशाला?" राजेश्रीनं तिचा दंड धरला आणि तिला सांभाळून एकेक पायरी उतरवायला लागली. "तुमच्याबिगर मी इथं काय करू? मी हाय की सोबत."