नाथाजी शाहिराचा विडा

शमशेरला उष्टं चालायचं नाही. म्हणजे किती चालायचं नाही, तर सांगलीत त्याच्या घरी सगळी माणसं एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवायची आणि हा पठ्ठ्या आपली वेगळी ताटली घेऊन भिंतीला लागून बसायचा. पाणी प्यायचा ते तांब्या वर धरून. हॉटेलात चहा मागवला की आधी रुमालानं कपाची कड पुसायचा, आणि मग तो रुमाल आता ठेवायचा कुठं म्हणून हैराण व्हायचा. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, पण सुरय्याच्या, म्हणजे बायकोच्या, हातातला घास त्यानं एकदासुद्धा खाल्ला नव्हता.

"माझ्या बोटांना विष लागलंय का?" ती विचारायची. हसतच विचारायची, पण रोज विचारायची.

"सोड गं त्याला," त्याची आई हुसेनबी म्हणायची. "ह्याला मी न्हाई जन्म दिला. दवाखान्यातल्या स्पिरिटच्या बाटलीतनं आणलाय."

आता एवढा टापटिपीचा माणूस, पण एक खोड होतीच. स्टँडच्या मागं त्याचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दोन्ही हात आत गुंतलेले असले की स्क्रू म्हणा, वायरचं टोक म्हणा, सरळ ओठांत धरायचं. सगळेच मेकॅनिक धरतात. हाताला सवय झालेली असते, हात काही डोक्याला विचारत नाहीत. शमशेरला ह्याची कधी किळस आली नाही, कारण आपण असं करतो हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

तर अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याला उंब्रजकडनं बोलावणं आलं. जुनी कॅसेट होती, शाहिरी कार्यक्रमाची, जत्रेतच भरलेली. ती साफ करून नवी कॉपी काढून द्यायची. कॅसेट घराबाहेर जाणार नाही, तुम्हीच या, असा निरोप. शमशेरनं दोन टेप, स्वतः जोडलेला फिल्टरचा डबा, स्पिरिट आणि कापूस पिशवीत घातला आणि सकाळच्या यष्टीत बसला.

उतरवून घ्यायला भाऊसो आला होता. तिशीचा, अंगावर पांढराफेक शर्ट, हातात घडी घातलेला रुमाल. शमशेरला तो बघताक्षणी आवडला. चला, एक तरी स्वच्छ माणूस.

वाटेनं उसाच्या कडेकडेनं चालताना भाऊसोनं सगळं सांगितलं. "आमी कलगीवालं. समोरचा फड तुरंवालं. जत्रंत सवाल-जवाब हुत्यात. माझा चुलता, नाथाजी शाहीर, त्येनी पाच वर्सांमागं, मरायच्या आदी, एक कूट, कोडं, घातलं हुतं. ज्येनी कूट घातलं त्येच्याच फडानं उत्तरबी जवळ ठिवायचं, अशी रीत हाय. औंदा तुरंवालं म्हणत्यात, सांगा उत्तर, न्हाईतर डफ खाली ठेवा."

"खाली ठेवायचा म्हणजे?"

"म्हंजी कायमचा. फड मोडला."

"मग द्या की उत्तर."

"त्ये कॅशेटीतच हाय. शेवटच्या कडव्यात. त्येंचा दुसरा पुतण्या पलटणीतनं सुट्टीवर आलता, त्येनं टेप आणलता. पर एक अक्षर कळत न्हाई, मिस्त्री. त्येंच्या तोंडात विडा हुता."

एवढं बोलून भाऊसोनं रुमाल नाकाला लावला. तिथं वास कसलाच नव्हता.

घरात शाहिराची बायको, रंगूबाई, वाटच बघत बसली होती. म्हातारी, सडसडीत, कपाळ मोकळं. तिनं खोली दाखवली. शमशेरनं आवाज घुमायला नको म्हणून खिडकीवर आणि दारावर वाकळा टांगायला लावल्या. बाहेर वैशाखाचं ऊन रटरटत होतं आणि आत भर दुपारी मिट्ट अंधार झाला. टेपचा लाल दिवा, आणि कामापुरती शेजारी ठेवलेली पेटती बॅटरी. वाकळांना झोपलेल्या माणसांचा वास होता. तेलाचा, घामाचा, कुठल्या तरी बाळाच्या मुताचा. शमशेर तोंडानं श्वास घ्यायला लागला. मग त्याच्या मनात आलं, म्हणजे हे सगळं आता तोंडात जातंय. त्यानं तोंड मिटलं.

"ही घ्या," रंगूबाई म्हणाली, आणि तिनं पानाचा डबा पुढं केला.

कॅसेट डब्यात ठेवली होती. पितळी डबा, आत कात वाळून खपल्या धरलेला, कडेला चुन्याची ढेकळं, आणि मधे ती कॅसेट. शमशेरनं ती दोन बोटांच्या नखांनी उचलली.

"मावशी, ह्यात कशाला ठेवली?"

"त्येंचाच डबा हाय. त्येंचा आवाज दुसरीकडं कुठं ठिवायचा?"

त्यानं स्क्रू काढून कॅसेट उघडली. फितीवर बुरशी होती, ती असतेच. पांढरी, जुन्या लोणच्यावर येते तशी. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो फीत हळूहळू पुसत गेला. बोळा तपकिरी व्हायला लागला. त्याचंही काही नाही, जुन्या फितीचा लेप सुटतो. पण बोळा तपकिरीवरनं लाल झाला. आणि ओला. स्पिरिट तर लगेच उडून जातं. हा बोळा बोटांना बुळबुळीत लागत होता आणि दाबला की तार सुटत होती.

शमशेरनं बोळा कोपऱ्यात फेकला आणि हात शर्टाला पुसले. स्वतःच्या शर्टाला. असं त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

फीत नव्या डबीत भरून त्यानं टेप लावला. आधी खरखर, मग जत्रेचा कालवा, पोरांचं रडणं, डफ. आणि मग नाथाजी शाहीर. आवाज असा की वाकळेशी बसलेली रंगूबाई ताठ झाली.

"नऊ दारांचं घर बांधलं, आत राहतो कोन जी… जुना गेला, नवा आला, किल्ली देतो कोन जी…"

मस्तच होतं. शमशेरच्या अंगावर काटा आला. पण ओळ संपली आणि दोन ओळींच्या मधे ते ऐकू आलं.

चप्. चप्. चप्.

ओलं, सावकाश. मग जीभ गालाच्या आत फिरवल्याचा आवाज. मग लाळ आत ओढून घेतल्याचा. म्हातारं माणूस, दात कमी, तोंडात भलामोठा तोबरा.

शमशेरनं फिल्टर फिरवला. खरखर गेली. आणखी फिरवला, कालवा मागं सरला. डफसुद्धा लांब गेला. तो एकेक आवाज काढत गेला तशी खोली शांत होत गेली, आणि शेवटी त्या शांततेत एकच गोष्ट उरली.

चप्. चप्. अगदी कानाशी.

मग शाहिराचा आवाज आला, बोबडा, भरल्या तोंडाचा. "घे रं… कुनीतर घे…"

पुढं नुसतं चघळणं. मग शेवटचं कडवं, आणि ते म्हणजे निव्वळ गुळण्या भरल्यासारखं. शमशेरनं टेप बंद केला.

"हे काय घे म्हणतात?"

रंगूबाईच बोलली, हळू. "आमच्या फडाची रीत हाय, बाबा. म्हाताऱ्या शाहिरानं शेवटच्या कडव्याआदी आपला चघळलेला विडा काढून द्यायचा. ज्यो घिऊन खाईल त्येच्यात गाणं जातं. मग म्हाताऱ्यानं मोकळ्या तोंडानं कडवं म्हणायचं."

"आणि कुणी घेतला नाही?"

"ह्यो हुता की म्होरं बसलेला."

"काकू, त्येंच्या हिरड्या सडल्या हुत्या," भाऊसो म्हणाला. रुमाल पुन्हा नाकाशी. "विड्यातनं पू गळत हुता. मी… मला जमलं न्हाई. मिस्त्री, तुमी सांगा, तुमाला जमलं असतं?"

शमशेरनं नुसती मान हलवली. नाही.

"तसाच तोंडात धरून गेलं," रंगूबाई म्हणाली. "सरणावर ठिवलं तरी जबडा उघडंना. आमी कान लावून बगितलं… आत हालत हुतं."

शमशेरला आता फक्त काम उरकून संध्याकाळची यष्टी गाठायची होती. दुसऱ्या टेपवर कॉपी सुरू केली. पंपांमुळे करंट कमी-जास्त होत होता, त्यामुळे शाहिराचा आवाज मधेच लांबायचा, खोल जायचा. "घे रं" आलं. "कुनीतर घे…"

आणि तिथंच फीत चिकटली. टेपमध्ये गोळा होऊन फसली आणि तटकन तुटली.

शमशेरनं झाकण उघडलं. एका हातानं चाक धरलं, दुसऱ्या हातानं गुंतलेली फीत सोडवायला लागला. तुटलेलं टोक परत आत सरकायला लागलं, ते गेलं असतं तर अख्खं कडवं गेलं असतं, भाऊसो मागं "धरा, धरा" म्हणत होता, आणि हात तर दोन्ही अडकलेले…

त्यानं टोक ओठांत धरलं.

फीत गार लागते. प्लास्टिकच ते. ही गरम होती. मऊ होती. ओठांत धरल्याबरोबर ती फुगल्यासारखी झाली, आणि जिभेवर चुना चरचरला, मग कात, मग तंबाखू, आणि त्याच्या खालून ते दुसरं काहीतरी. गोडूस. सडलेल्या दाताचं. तोंड भरलं. गालात एक गोळा बसला, आणि घशानं, त्याला न विचारता, एक आवंढा गिळला.

तो दारावरची वाकळ ओरबाडून मोरीवर धावला. थुंकला. लाल. पुन्हा थुंकला. लाल. बोटं घालून ओकला, सकाळचा चहासुद्धा लाल. मोरीच्या दगडावर उन्हात ते चकाकत होतं आणि माश्या त्याच्याजवळ येऊन परत जात होत्या.

मागं रंगूबाई उभी होती. तिनं अगदी हळू विचारलं, "गिळलंसा… का थुकलंसा?"

"थुंकलं," शमशेर म्हणाला. "सगळं थुंकलं."

तिनं त्याच्या गालाकडं बघितलं. मग आत जाऊन कॅसेट आणली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पिशवीत घातली.

"घराबाहेर जाणार न्हाई म्हणला हुतासा की," भाऊसो म्हणाला.

"आता ती हितं ऱ्हाऊन काय करंल?"

करंटही गेला होता. फीत सांगलीत जोडतो, उद्या येऊन न्या, असं सांगून शमशेर निघाला. यष्टीत तो खिडकीशी बसला आणि कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत जीभ गालात फिरवत राहिला. गोळा होता. खिशातल्या आरशात बघितलं तर काही नाही, गाल सपाट, जीभ स्वच्छ. पण तोंड मिटलं की होता. आणि दात आपोआप हलत होते. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

घरी थाळा मांडला होता. शमशेर आला आणि आपली ताटली न घेता सरळ सगळ्यांत बसला. हुसेनबीनं सुरय्याला कोपरानं ढोसलं. बघ.

त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. चावला. गिळायला गेला, तर घसा उघडेना. गोळा वाढत चालला, श्वास कोंडायला लागला. आणि मग त्याचा उजवा हात वर आला, तोंडात गेला, आणि काहीतरी चिमटीत घेऊन बाहेर आला. ओलं. त्याला वाटलं, भाकरी असेल. तो हात सुरय्यापुढं गेला.

"घे गं," शमशेर म्हणाला. त्याला हात मागं घ्यायचा होता. खरंच घ्यायचा होता.

सुरय्यानं आधी डोळे मोठे केले. मग ती लाजली. सगळ्यांदेखत, सासूदेखत. इतके दिवस जो माणूस तिच्या पेल्यातलं पाणी पीत नव्हता, तो स्वतःच्या तोंडातला घास देत होता. तिनं तो घेतला आणि हसत खाल्ला.

"आला बाई माणसांत," हुसेनबी म्हणाली.

शमशेरचं तोंड एकदम मोकळं झालं. इतकं हलकं वाटलं की तो बकाबका जेवला आणि गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर भाऊसो हजर झाला. शमशेरनं फीत चिकटवली आणि अंगणात टेप लावला. कालवा, डफ, शाहीर. चप्. चप्. "घे रं… कुनीतर घे…"

शमशेरनं दात आवळले, कारण आता पुढं ते चघळणं येणार होतं.

आलं नाही. बांगड्या वाजल्या.

"द्या इकडं," टेपमधली बाई म्हणाली, आणि हसली.

शमशेरला ते हसू माहीत होतं. त्या जत्रेच्या वर्षी सुरय्या मिरजेत शाळेला जात होती, तिनं उंब्रज कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

मग नाथाजी शाहिरानं खाकरून घसा साफ केला आणि शेवटचं कडवं म्हटलं. मोकळ्या तोंडानं. घराला किल्ली कोण देतं, नवा कसा येतो, एकेक अक्षर स्वच्छ. जरासुद्धा खरखर नाही.

भाऊसोच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्येच… ह्येच उत्तर हाय, मिस्त्री. फड वाचला बगा." मग तो थांबला. "पर ही बाई कोन? त्या राती तर कुनीच घेतला न्हवता."

तेवढ्यात सुरय्या पाहुण्याला पाणी घेऊन आतनं आली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, भूकच नाही म्हणाली होती. तिनं तांब्या पुढं केला. तोंड मिटलेलं होतं, आणि जबडा सावकाश हलत होता.

भाऊसोनं तिच्या गालाकडं बघितलं, आणि खिशातनं रुमाल काढून नाकाला लावला.