खोडणारा

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, अल्लाची शपथ घेऊन सांगते. हे माझ्याच घरात घडलं.

रात्र नव्हती. जळगावची मे महिन्यातली भर दुपार होती. साल १९८९.

माझा धाकटा भाऊ हबीब एका इंजिनिअर साहेबाकडे घरांचे नकाशे काढायचा. त्या ऑफिसात इटलीचं एक मासिक यायचं. घरांचं, खुर्च्या-टेबलांचं. हबीबचा त्यावर भारी जीव.

"आपा, दुसऱ्या महायुद्धात हे बंद पडलं होतं. पण परत उठलं बघ!"

जसं काही घरातलंच माणूस दुखण्यातून उठलं.

मासिकाला साठ वर्षं झाली म्हणून त्यांनी देशोदेशीच्या घरांचे नकाशे मागवले. हबीबने धुळ्याच्या आमच्या नानीचं धाब्याचं घर काढलं. कोपऱ्यात मराठीतच लिहिलं, 'काढणारा – हबीब'.

त्याचा 'ख' नेहमी 'रव' दिसायचा. खोली लिहिली की मी चिडवायची, "ही रवोली कुठली रे?"

नकाशा गेला. त्याच उन्हाळ्यात ऊन लागून हबीबही गेला.

वर्षाने अंक आला. ऑफिसात हबीबशेजारी बसणारा त्याचा मित्र रुपचंद तो घेऊन आला.

घर आमचंच होतं.

कोपऱ्यात नाव... साहेबाचं!

रुपचंद ढसाढसा रडला. "हाई बठ्ठं सायबनंच काम शे, साबेरा आपा!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेलेल्या पोराचं नावसुद्धा खाल्लं मेल्याने! अंक हबीबच्या पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दुपारी वीज गेली. पंखा थांबला. गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि पेटीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. नकाशावरची चुकलेली शाई खोडायला हबीब ब्लेडने कागद खरवडायचा.

"हबीब?"

आवाज थांबला.

कसंबसं कुलूप काढलं. पानावर कागदाची पांढरी भुकटी. साहेबाचं नाव गेलेलं. त्या जागी ओली शाई...

'रवोडणारा – रुपचंद'.

मी दोनदा वाचलं. मग डोक्यात प्रकाश पडला.

खोडणारा.

आमच्या ताटात जेवलेला रुपचंद! साहेबाला खूश करायला, नकाशा पाठवण्याआधी त्यानेच हबीबच्या नावावर ब्लेड चालवलं होतं. आणि वर माझ्यासमोर रडला.

मी त्याला आजवर काही विचारलं नाही. जीभच उचलत नाही. तो दर ईदला येतो, हक्काने शीरखुर्मा मागतो. मी वाढते.

तो बसला की पेटीतून सुरू होतं...

खर्र... खर्र...

"आपा, पेटीमा उंदीर शेतस का?"

मी "हो" म्हणते.

पानावर आता रुपचंदचं तेवढं एकच नाव उरलंय.