साक्षीची नळी

रामदासपेठेतल्या त्या इस्पितळात प्रयोगशाळेतल्या चारुशीला मेश्रामचा पत्र्याचा डबा म्हणजे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. डब्यात गरम पाण्याची पिशवी आणि जांभळ्या रसाच्या काचेच्या नळ्या. टेबल, नळ, कात्री, जिथं शंका येईल तिथं कापसाचा बोळा फिरवून नळीत बुडवायचा. जंतू असले तर संध्याकाळपर्यंत रस पिवळा होई. एक नळी मात्र लाखेनं बंद. ती कधीच उघडायची नाही. ती जांभळी राहिली, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा. चारुशीला तिला साक्षीची नळी म्हणे.

१९७६च्या उन्हाळ्यात दोन नंबरच्या ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या बाळंतिणी तापानं दगावू लागल्या. चारुशीलानं ते थिएटर कानाकोपऱ्यांसकट तपासलं. सगळ्या नळ्या जांभळ्या. पिवळी झाली ती साक्षीची.

"म्हणजे घाण तुमच्याच डब्यात आहे," डॉक्टर मुकुंद देव हसले. "चाचणी बाद."

तिलाही तसंच वाटलं. तिनं नव्या नळ्या उकळल्या, लाख दुहेरी लावली. प्रयोगशाळेत साक्षीची नळी जांभळीच राहिली. वॉर्डातही राहिली. दोन नंबरच्या दारातून आत नेली, की कधीकधी हातातल्या हातात पिवळी होई. त्या दिवशी तिथं नेलेल्या बाईला हुडहुडी भरे. नळी जांभळी राहिली, तर बाई सुखरूप घरी जाई.

मग एका दुपारी आया कांताबाई धावत आली.

"म्याडम, माह्या पोरीले, प्रेमलताले, तिथंच नेऊन राहिले जी. पोट फाडा लागते म्हणते. तुमची शिशी एकदा पाहा ना."

व्हरांड्यात कूलरच्या वाळ्याचा वास होता. थिएटरमध्ये फिनाइलचा, आणि त्याखाली नासत्या दुधासारखा काहीतरी कोमट वास. चारुशीलानं मूठ उघडली. साक्षीची नळी पिवळी होती.

ती बाहेर आली आणि तिनं दाराला कुलूप घातलं.

"किल्ली द्या," डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"कशाच्या आधारावर? बाद नळीच्या?"

"हो. तिच्याच."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. ड्रेसिंगची खोली मी पुसून, तपासून ठेवली आहे. तिला तिथं न्या."

कांताबाई दारापुढं आडवी बसली. "इथंच नेता, तर माह्या अंगावरून जा, डाक्टरसाहेब."

प्रेमलताला ड्रेसिंगच्या खोलीत मुलगी झाली. ताप आला नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही.

प्रेमलता घरी गेली, त्या दुपारी डॉक्टर आले. "आता तुमचं भूत उतरवतो," म्हणाले, आणि त्यांनी नवी बंद नळी खिशात घातली. चारुशीलानं कुलूप काढलं. रिकाम्या थिएटरमध्ये ते बराच वेळ एकटे उभे राहिले.

"घ्या. जांभळी." नळी तिच्या हातात देऊन ते शीळ घालत जिना उतरले.

तिनं पुन्हा कुलूप लावलं. किल्ली पदराच्या गाठीत बांधली. मग नळी खिडकीपाशी धरली.

रस जांभळा होता. लाख अभंग होती.

रसाच्या वर, काचेला आतून वाफ धरत होती.

विरत होती.

पुन्हा धरत होती, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या लयीत.