मागचं डावं दार

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. मागच्या वर्षीचा एक रविवार, दुपारचे चार वीस. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ.

धाकट्या मुलाच्या मते घरची गाडी म्हणजे चार चाकांवरचं भंगार होतं. आणि तिला एकोणतीस वर्षं कुरवाळणारे बाबा म्हणजे कहरच.

हँडब्रेक तर नावालाच. चढावर गाडी थांबली, की आई मागच्या डाव्या दारातून उतरायची आणि चाकामागे दगड लावायची. मग दार दोनदा आपटायची. एकदा आपटून ते बसतच नसे.

"आपल्याकडे ब्रेकचं काम दगड करतो," पदार्थविज्ञान शिकलेला धाकटा चारचौघांत सांगायचा. आई नुसती हसायची.

तिला जाऊन सात महिने झाले होते.

त्या दिवशी गाडीची शेवटची फेरी होती, भंगारवाल्याकडे. आता दगड कशाला? सकाळीच धाकट्याने तो डिकीतून काढून फाटकाशी भिरकावला होता. त्यावरचा पांढरा पट्टा आईनेच रंगवलेला.

धाकटा चालवत होता. चढावर इंजिनाचं पाणी उकळलं. गाडी बंद.

"ब्रेक दाबून धर रे." बाबा पाण्याचा कॅन काढायला मागे गेले. डिकीचं झाकण वर झालं. आरशात बाबा दिसेनात.

ही एक दिवस तुम्हाला वर पोचवणार, धाकटा पुटपुटला.

पायाखालचं पेडल... मऊ झालं.

मग थेट तळाला टेकलं.

हँडब्रेक नुसताच वर आला. गिअरचा दांडा अडकला.

गाडी मागे सरकू लागली. मागे बाबा.

तेवढ्यात... मागचं दार उघडलं.

चपलांचा आवाज. फट्‌... फट्‌...

खट्ट.

गाडी थांबली.

दार आपटलं. एकदा...

पुन्हा एकदा.

बाबा कॅन घेऊन पुढे आले. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. चाकाकडे बघून म्हणाले, "दगड लावलास? उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची."

धाकटा उतरला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

चाकामागे दगड होता. पांढऱ्या पट्ट्याचा.

गाडी टोचन लावून भंगारात पोचवली. घरी फाटकाशी फक्त दबलेलं गवत होतं.

भुतंखेतं मानणाऱ्यांना धाकटा आजही मूर्खच म्हणतो. नव्या गाडीचा ब्रेक बटणावर चालतो, दारं एका झटक्यात बसतात.

तरी चढावर गाडी थांबली, की तो बाबांचा दंड धरून त्यांना बसवून ठेवतो.

मागून दोन आवाज येतात... मगच सोडतो.

आरशात मात्र तो बघत नाही.