दाराखालून आलेलं माप

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भिंगवालीच्या हातून चूक झाली ती मंगळवारी, भर दुपारी. मास्तरांचं खिशातलं घड्याळ साफ करताना चिमटा निसटला आणि आतल्या झुलत्या चाकाचा दांडा टोकाशी मोडला. दांडा कसला, जाडसर केसच तो. पण तो मोडला की घड्याळ म्हणजे नुसती चांदीची डबी.

मास्तरांची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती. आजोबांचं ते घड्याळ उशाशी ठेवून, टिकटिक ऐकत ते झोपायचे. शुक्रवारी त्यांचं मोठं ऑपरेशन होतं. दवाखान्यात ते जवळ असावं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. मोडलं म्हणून सांगायला भिंगवालीची जीभ रेटेना. होईल मास्तर, असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं.

इतक्या जुन्या घड्याळाचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. तिने भंगारवाले पालथे घातले, मोडकी घड्याळं उघडून पाहिली. कुठे दांडा लांब, कुठे जाड. शेवटी तिच्या वडिलांनी, अप्पांनी, एका जुन्या सोबत्याचा पत्ता दिला. दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले. हात सोन्याचा, पण माणूस जरा तऱ्हेवाईक, असं अप्पा म्हणाले. वीस वर्षांत त्यांची गाठभेट नव्हती.

गुरुवारी दुपारी आभाळ भरून आलं होतं. बंद पडलेल्या छापखान्यामागच्या बोळात ते घर होतं. जिना इतका काळोखा, की तिला भिंत चाचपत चढावं लागलं. दार एका म्हातारीने उघडलं. ती कारागिराची बहीण. तिने भिंगवालीच्या हातातली डबी पाहिली, एक कागद पुढे केला आणि माप व दुकानाचा पत्ता लिहायला सांगितला. मोडका दांडाही कागदात गुंडाळून घेतला.

आत एक अरुंद बोळकांडी होती. तिच्या टोकाला बंद दार. म्हातारी गुडघे धरत वाकली, पुडी दाराखालून आत सरकवली आणि परत येऊन स्टुलावर बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून आवाज आला. धातू कातणारा लहानसा लेथ फिरावा तसा. किर्र... थांबला. पुन्हा किर्र... तापलेल्या पोलादाचा आणि तेलाचा वास बोळकांडीत पसरला. भिंगवालीला हायसं वाटलं. तो वास तिच्या लहानपणाचा होता. पण दाराखालच्या फटीकडे तिचं लक्ष गेलं. तिथे उजेड नव्हता. इतकं बारीक काम हा माणूस अंधारात कसा करतोय, असं मनात येतं न येतं तोच तिला कुलूप दिसलं. कडीला बाहेरून घातलेलं, गंजून एकजीव झालेलं.

"बाहेरून कुलूप?" तिने हळूच विचारलं.

"मीच घातलं."

"मग ते जेवायला, झोपायला..."

"चार वर्षं झाली त्याला जाऊन," म्हातारी म्हणाली. "तेरावा झाला आणि त्या रात्रीच पुन्हा लेथ सुरू झाला. दार उघडून बघायचा धीर नाही झाला मला."

भिंगवाली दारापासून मागे सरकली. तेवढ्यात आवाज थांबला आणि फटीतून पुडी बाहेर आली. अगदी हळू, कुणी बोटाने ढकलत असल्यासारखी. पळून जावं असं तिला वाटलं. पण उद्याचा शुक्रवार डोळ्यांपुढे आला आणि तिने पुडी उचलली. दांडा अजून कोमट होता.

"वापर तू. काम चोख असतं त्याचं," म्हातारी जिन्यापर्यंत येत म्हणाली. "पण परत येऊ नकोस, बाई. हात चांगला वाटला की तो... विसरत नाही."

दांडा जिथल्या तिथे बसला, घासावाही लागला नाही. मास्तरांनी घड्याळ कानाशी धरलं आणि लहान मुलासारखे हसले. ऑपरेशनही निभावलं. भिंगवालीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि अप्पांना त्यांचा सोबती वारल्याचं तेवढं सांगितलं, बाकी काही नाही.

तीन आठवड्यांनी म्हातारी दुकानात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने एक कागद काचेवर ठेवला.

"हे आतून आलं. मी काही दिलं नव्हतं."

एवढं बोलून ती निघून गेली.

कागदावर रेखीव अक्षरात मापं होती. लांबी एकाहत्तर मिलिमीटर. पहिला सांधा चोवीसवर, दुसरा शेहेचाळीसवर. त्याखाली, आडवा व्रण, सहा. घड्याळाच्या कुठल्या भागाला दोन सांधे असतात, ते तिला आठवेना. आणि व्रण तर कुठल्याच भागाला नसतो.

तिने माप घ्यायचा व्हर्नियर उचलला. उजव्या हाताच्या तर्जनीला लावला. एकाहत्तर. सांधे जुळले. कधीतरी घड्याळाची कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटून लागल्याने पडलेला व्रण तिने मोजला. सहा.

तिने कागद जाळला. आठ दिवस मन घट्ट धरलं आणि नवव्या दिवशी न राहवून पुन्हा माप घेतलं. साडेसत्तर भरलं. व्हर्नियर बिघडला असेल म्हणून अप्पांचा घेतला. साडेसत्तरच.

त्यानंतर तिने माप घेतलेलं नाही. बोट दुखत नाही, दिसायलाही काही वेगळं नाही. फक्त चिमटा धरताना तर्जनी अंगठ्यासमोर जिथे यायला हवी तिथे येत नाही. रोज थोडी अलीकडेच थांबते.