ओ देऊ नकोस

हे कुणालाही सांगायचं नाही, असं आईने मला मारिया मातेच्या तसबिरीवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं आहे. लिहू नकोस, असं मात्र ती म्हणाली नव्हती. मी तशीही फार बोलत नाही. वर्गात हजेरीच्या वेळीसुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं कुठेतरी राहायला हवं, म्हणून या वहीत लिहिते आहे.

पंधरा तारखेला, शनिवारी, आई आणि मी गावच्या जीपने मार्लेनी मावशीच्या कॉफीच्या मळ्यावर निघालो. माझ्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेला ताज्या चीजचा गोळा होता आणि त्याचं पाणी माझ्या पँटवर ठिबकत होतं. डिसेंबरातले सगळे शनिवार-रविवार आम्ही तिथेच घालवतो. आई, मार्लेनी मावशी आणि फान्नी मावशी या शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिघी मिळून बुन्युएलो, म्हणजे चीजचे गोल वडे, तळायच्या, नाचायच्या, जुन्या मास्तरांच्या नकला करायच्या. फान्नी मावशी गेल्या वर्षी ख्रिसमसच्या आधी वारली. या वेळी जीपमध्ये तिच्या जागेवर कुणाची तरी कोंबड्यांची टोपली होती.

मार्लेनी मावशी पायरीवरच उभी होती.

“आली माझी लुसेरो, माझी मुकी चिमणी!” तिने माझे गाल ओढले. “नूबिया, ही पोरगी खरंच तुझी का गं? तू तर पाळण्यात असल्यापासून बडबडतेस.”

“बापावर गेलीय,” आई म्हणाली. “तोही न बोलताच निघून गेला.”

दोघी हसल्या. पण हसता हसता मार्लेनी मावशीने मागच्या उताराकडे एकदा पाहिलं, आणि आईनेही. तिकडे पोहण्याचा हौद आहे. पूर्वी ती कॉफीच्या बिया धुवायची टाकी होती. दोन वर्षांपूर्वी मावशीने ती खोल करून, निळ्या फरश्या लावून घेतल्या, शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. आता त्यात पाणी नव्हतं. वर फळ्या ठोकल्या होत्या आणि फळ्यांवर दगड ठेवले होते.

संध्याकाळी आम्ही चीज किसत बसलो. मी सहज विचारलं, “मावशी, उद्या सोळा तारीख. पैज लावायची?”

आमच्याकडे सोळापासून चोवीसपर्यंत, बाळ येशूच्या गोठ्याच्या देखाव्यासमोर नऊ दिवस प्रार्थना चालते तेव्हा, पैजाही चालतात. करंगळीत करंगळी अडकवायची आणि खेळ ठरवायचा. तोंडात सतत काडी धरायची हा एक खेळ. सगळ्यांत मजेचा म्हणजे ‘हाक मारीन, ओ देऊ नको’. समोरचा केव्हाही, कुठूनही हाक मारतो. आपण चुकून ‘काय?’ म्हटलं की तो ओरडतो, “माझं बक्षीस!” आणि मग मागेल ते द्यावं लागतं. मी या खेळात कधीच हरत नाही. गप्प राहणं एवढंच मला नीट जमतं.

किसणीवरचा आईचा हात थांबला.

“सांगून टाक तिला,” मार्लेनी मावशी हळूच म्हणाली. “चुकून तिनेच ओ दिली तर?”

“तिला कशाला बोलावेल ती? तिचं भांडण आपल्याशी आहे.”

“फान्नीही असंच म्हणायची.”

मग आईने सांगितलं. माझ्याकडे न बघता, हातातल्या चीजकडे बघत.

त्या तीन नव्हत्या, चार होत्या. चौथी रोसाल्बा. सतरा वर्षांची, उंच, मोठ्याने हसणारी. जानेवारीत ती मनिसालेस शहरात नर्स व्हायला शिकायला जाणार होती. याच घरात, एका डिसेंबरात, तिने तिघींशी पैज लावली होती. दुपारी ती मागे टाकीकडे गेली आणि थोड्या वेळाने हाका सुरू झाल्या. फान्नी! मार्लेनी! नूबिया! तिघी ओसरीवर तोंड दाबून हसत बसल्या. रोसाल्बा पैज जिंकायला काहीही करेल, हे त्यांना माहीत होतं. मग ती ओरडली, “मी हरले! खेळ संपला, ओ द्या गं!” त्यावर तर तिघी जास्तच हसल्या. किती सराईत लबाडी म्हणून.

टाकीच्या कडा शेवाळाने गुळगुळीत होत्या. आत पडल्यावर तिला वर येता येईना.

“गावात आम्ही सांगितलं की रेडिओ मोठ्याने चालू होता,” आई म्हणाली. “आम्हाला काही ऐकूच आलं नाही म्हणून. तिची आई मरेपर्यंत मला विचारायची, नूबिया, तिने हाक मारली नसेल का गं? मी म्हणायचे, नाही, काकू.”

मग आई म्हणाली, “त्या दोघींना खेळच वाटला. मला नाही. तिचा आवाज बदलला होता, तो मला कळला. पण सकाळीच आमचं भांडण झालं होतं. म्हटलं, ओरडू दे जरा.”

मी आईच्या हातांकडे पाहत राहिले. याच हातांनी ती माझ्या वेण्या घालते.

फान्नी मावशीचंही मला तेव्हाच कळलं. हौद झाल्यानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात तिघींनाही हाका ऐकू आल्या. फान्नी मावशी घाबरून शहरात लेकीकडे राहायला गेली, सातव्या मजल्यावर. तिथे एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना ती “काय गं?” म्हणाली. लेकीने विचारलं, कुणाशी बोलतेस? तर फान्नी मावशीचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय. चौथ्या दिवशी ती बिछान्यात मेलेली सापडली. केस ओलेचिंब होते. छातीत पाणी होतं.

“म्हणून एकत्र राहायचं,” मार्लेनी मावशी म्हणाली. “एकटीच्या तोंडून ओ निघून जाते. दोघी असलो की एक दुसरीचं तोंड दाबते. चोवीसची प्रार्थना झाली की पैज संपली. मग वर्षभर काही नाही.”

रविवारी दुपारी त्यांनी खराट्याच्या काड्या धुऊन घेतल्या. एक आईने दातांत धरली, एक मावशीने, एक मला दिली. तोंडात काडी असली की बोलण्याआधी आठवण होते. मी हसले नाही. आम्ही तिघी पुढच्या खोलीत, गोठ्यातल्या मातीच्या मेंढ्यांभोवती शेवाळ लावत बसलो. ऊन खिडकीतून जमिनीवर पडलं होतं. शेजारच्या मळ्यातून कुणाच्या तरी मेजवानीचं गाणं येत होतं. मग ते गाणं थांबलं. कुणी बंद केलं असं नाही, नुसतं ऐकू येईनासं झालं. आणि खोलीत आंबलेल्या कॉफीचा, कुजक्या गोड सालींचा वास आला.

“नूबिया...”

उताराकडून आवाज आला. कोवळा, माझ्याएवढ्या मुलीचा. आईने डोळे मिटले.

“नूबिया... मार्लेनी... मी हरले गं. खेळ संपला.”

मावशीच्या तोंडातली काडी थरथरत होती. आईने तिचा हात धरला. फळ्यांवरचा एक दगड घरंगळत खाली गेल्याचा आवाज आला. मग दुसरा.

“ओ द्या ना...” आता आवाज मागच्या दाराशी होता. “पाणी किती गार आहे...”

मग बराच वेळ काहीच नाही. मावशीने सुस्कारा सोडला, कपाळ पुसलं. मला वाटलं, झालं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून फान्नी मावशीचा आवाज आला. तोच, जरा घोगरा, नेहमी घाईत असलेला.

“अगं मार्लेनी, नातिया लागतेय ना खाली! ढवळ की, बये!”

“आले, आले!” मार्लेनी मावशी उठली.

नातिया म्हणजे दूध, गूळ आणि मक्याच्या पिठाची खीर. एकदा चुलीवर चढवली की क्षणभरही सोडता येत नाही. सोडली की करपते, आणि करपली की वर्षभर सगळं गाव नाव ठेवतं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून हे सांगितलं तरी ती ‘आले’ म्हणेल.

काडी जमिनीवर पडली होती. मावशी दोन पावलं चालून थांबली. तेव्हा तिला आठवलं असणार. आम्ही त्या दिवशी चूल पेटवलीच नव्हती.

“माझं बक्षीस,” मागच्या दारातून आवाज आला. अजिबात मोठ्याने नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली वस्तू हातात घेऊन बघावी, तसा.

मावशी आमच्याकडे वळली. तिचे ओठ हलत होते. ती आईचं नाव घेत होती, ते मला ओठांवरून कळलं, पण श्वासाशिवाय काही बाहेर येत नव्हतं. आईने तिला घट्ट मिठी मारली. तेव्हाही आईने दातांतली काडी सोडली नाही.

गावातल्या दवाखान्यात मावशीला चार दिवस ठेवलं. गुरुवारी पहाटे ती गेली. चादर कोरडी होती, उशी मात्र पिळून काढावी लागली. शुक्रवारी तिला माती दिली. आई थडग्यापाशी एकटीच मागे थांबली. मी फाटकाजवळ तिची वाट पाहत होते. पाच मिनिटं झाली असतील, दहा असतील. ती आली तेव्हा तिच्या तोंडात काडी होती.

घरी आल्यावर तिने माझी जुनी पाटी काढली आणि लिहिलं, ‘चोवीसपर्यंत बोलणार नाही. घाबरू नकोस.’ मला बरं वाटलं. एकटीने राहायचं तर हाच उपाय. मी मान हलवली. मग तिने पुसलं आणि परत लिहिलं, ‘रोसाल्बाची माफी मागायची होती.’

मी लिहिलं, ‘माफी मागायला ओ द्यावी लागेल. देऊ नकोस. माझ्यासाठी.’

आईने ते बराच वेळ वाचलं. मग ओल्या फडक्याने पाटी स्वच्छ पुसली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

आज तेवीस तारीख आहे, रविवार. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. गल्लीत पोरं फटाके उडवताहेत, समोरच्यांकडे पाहुणे आलेत. आई आत बुन्युएलो तळते आहे. मी मुद्दाम सांगितलं आहे की दर थोड्या वेळाने चमचा कढईवर वाजव, म्हणजे तू आहेस हे मला कळेल. ती वाजवते आहे. ठण, ठण. उद्याची एक प्रार्थना झाली की आई माझी आहे. मग मी तिला विचारणार आहे की रोसाल्बाशी सकाळी कशावरून भांडण झालं होतं, आणि

आत्ता कुणीतरी हाक मारली.

“लुसेरो... ये गं बाळा. गरम आहेत तोवर खा.”

आईचा आवाज आहे. अगदी तिचाच, ‘बाळा’ म्हणताना शेवटी जरा वर जाणारा. मी लगेच उठणार होते. पण हाक अंगणातून आली, पाण्याच्या पिंपाकडून. आणि स्वयंपाकघरात चमचा अजून वाजतोच आहे. ठण, ठण.

“लुसेरो... ऐकतेस ना?”

आई मुद्दाम बोलत नाही असं मी धरून चालले होते, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं. पण थडग्यापासून परत आल्यापासून तिने एकदाही, झोपेत नाही, तेल उडून हात भाजला तेव्हाही नाही, एकदाही तिच्या तोंडून