बांबूची हाडं

आल्या दिवसापासून पाहुणा नुसता लोळत होता. वडीलधारं माणूस समोर आलं तरी उठून बसायचं नाव नाही. ओटीवर सांडलेल्या पेजेसारखा पसरलेला. असला ऐतोबा आपल्या सात पिढ्यांत झाला नाही, असं ठकूबाईंनी लेकीला, हंसाला, ऐकवलं.

हंसा अंतराळशास्त्रज्ञ. तिनं आईला समजावलं, की हा पोरवयाचा पाहुणा, उलू, एका दूरच्या उपग्रहावरच्या समुद्रातून आलाय. तिथं पाण्याचा वर ढकलणारा जोर (उत्प्लावन) त्याला तोलून धरतो. इथं पृथ्वीची ओढ (गुरुत्वाकर्षण) त्याला चपटा करते, कारण त्याच्या अंगात सांगाडाच (हाडांची चौकट) नाही.

त्याच्या समुद्रावर बर्फाचं छत होतं. टेकडीवर जाऊन आकाश पाहायचं, एवढ्यासाठी तो आला होता. उचलून न्यावं, तर हातांतून ओघळायचा. आणि परतीचं यान उद्याच सुटणार होतं.

ठकूबाई कोयता घेऊन बांबूच्या कामट्या (पातळ पट्ट्या) काढायला बसल्या. जन्मभर टोपल्या विणलेले हात. त्यांनी उलूच्या मापाची टोपलीच विणली. तो आत उभा राहिला खरा, पण हलता येईना. खेकड्याचा सांगाडाही असाच बाहेरून असतो, हंसा म्हणाली, पण त्याला सांधे (वळायच्या जागा) असतात.

टोपलीला कसले आलेत सांधे, असं पुटपुटत ठकूबाईंनी ती उसवली. मग बांबूचे तुकडे दोरीत ओवले. आधी कणा, मग हातपाय. बांबू पोकळ, म्हणून हलका तरी बळकट. आपली लांब हाडंही नळीसारखीच, हंसा सांगत होती. घराला खांब-वासे, गोष्टीला आधी काय नि मग काय. वरून दिसत नाही, पण सगळं उभं त्यावरच. त्यालाही सांगाडाच म्हणतात.

उलू बांबूंभोवती हळूहळू चढला. त्याच्या अंगानं तुकडे स्नायूंसारखे ताणून धरले. तो निळसर उजळला, आणि उठला.

टेकडीवर संध्याकाळ विरघळत होती. एकेक तारा उमलत होता. उलूच्या गळ्यातलं दुभाषी यंत्र बोललं, "आजी, एवढं मोठं आकाश. याचा सांगाडा कुठंय?"

ठकूबाईंनी लेकीकडं पाहिलं. ताऱ्यांच्या मोठमोठ्या समूहांचीही (दीर्घिकांची) एक जाळी आहे, हंसा म्हणाली. ती कशानं धरलीय, ते अजून पुरतं उमगलेलं नाही. मोठा झाल्यावर तूच शोध.

उलू ठकूबाईंच्या पायांवर लवला, तसे बांबू करकरले. त्यांनी त्याला धरून सरळ केलं.

"उभा छान राहतोस रे. आता एवढं ध्यानात ठेव, वाकायचं झालं तर गुडघ्यात वाकावं, कण्यात नाही."